फाइल नुसती उघडून पाहिली, कोणाला सांगितलं नाही, तर काय बिघडलं?

नोंदवही

मी एका रुग्णालयाच्या नोंदी विभागात अठरा वर्षं काम करते. डिस्चार्ज झालेल्या फाइली तपासणं, कुठे सही राहिली, कुठे वेळ लिहायची राहिली हे बघून त्या परत वॉर्डात पाठवणं, न्यायालयाकडून, विमा कंपनीकडून किंवा खुद्द रुग्णाकडून अर्ज आला की प्रती काढून देणं, असं माझं काम. दुसऱ्यांच्या आजारपणाचे कागद रोज हाताखालून जातात. आपले कागद दुसऱ्याच्या हाताखालून गेले की कसं वाटतं, ते मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा कळलं.

माझ्या तपासण्या आमच्याच रुग्णालयात झाल्या. बायॉप्सीचा अहवाल यायचा होता आणि डॉक्टरांनी दुपारी तीनला बोलावलं होतं. सकाळी मी जागेवर बसते न बसते तोच दुसऱ्या विभागातली एक सहकारी आली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "घाबरू नकोस गं, आता यावर चांगले उपचार आहेत."

मला कर्करोग आहे, हे मला असं कळलं.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आमची दहा वर्षांची मैत्री आहे. दोन दिवसांनी मी विचारलं तेव्हा ती रडवेली झाली. "मी फक्त पाहिलं. कोणाला एक शब्द बोलले नाही. जीव राहवेना म्हणून पाहिलं." पण माझ्या उपचारांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

मला इथे दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणाला न सांगता नुसतं पाहणं हाही गोपनीयतेचा भंग आहे का? आणि मी तक्रार करावी का? दुसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे.

---

पहाटवारा

नोंदवही, आधी तुमच्या तब्येतीसाठी मनापासून शुभेच्छा. उपचार सुरू झाले का?

मी परिचारिका आहे. तुमचं वाचून पोटात तुटलं, कारण मी हे अनेकदा होताना पाहिलं आहे. ओळखीचं कोणी भरती झालं की "बघ ना काय आलंय रिपोर्टमध्ये" असं सहज म्हटलं जातं. एकीने सकाळी लॉगिन केलेल्या संगणकावर दिवसभर सगळे काम करतात, कारण प्रत्येक वेळी बाहेर पडून पुन्हा आत शिरायला सवड नसते. मग कोणी काय पाहिलं ते देवालाच माहीत. आणि आपलेच रिपोर्ट आपल्याच लॉगिनने पाहणं तर कोणाला चूकही वाटत नाही. आमच्या नियमावलीत तेही चालत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःची नोंदसुद्धा रुग्ण म्हणून अर्ज करूनच मागायची.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हो. भंगच.

---

सांजसावली

मला हे जरा ताणल्यासारखं वाटतं. माहिती बाहेर गेली नाही, नोकरी गेली नाही, कोणी बोट दाखवलं नाही. मैत्रिणीने काळजीपोटी पाहिलं. यात कायदा आणायचा म्हणजे माणसं एकमेकांची चौकशी करायलाही घाबरतील.

---

दीपमाळ

सांजसावली, कायदा इथे आधीच आलेला आहे, आणि अगदी अशाच प्रकरणात. मी वकील आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिनलंडमध्ये एक परिचारिका एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करत होती. ती एचआयव्हीबाधित होती आणि त्याच रुग्णालयाच्या संसर्गजन्य रोग विभागात उपचार घेत होती. 1992 च्या सुमारास तिला शंका येऊ लागली की सहकाऱ्यांना हे कळलं आहे. त्या काळी तिथल्या कर्मचाऱ्यांना रुग्णनोंदी सर्रास पाहता येत होत्या. पुढे तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. माझी नोंद कोणी उघडली, असं तिने अधिकृतपणे विचारलं. उत्तर आलं की ते शोधता येणार नाही, कारण यंत्रणेत फक्त शेवटच्या पाच वेळा दिसतात आणि त्याही विभागाच्या नावाने, व्यक्तीच्या नावाने नाहीत.

देशातल्या न्यायालयांत ती हरली. कोणी पाहिलं ते सिद्ध करा, असं तिलाच सांगितलं गेलं, आणि ज्या कागदाने ते सिद्ध झालं असतं तो कागद रुग्णालयाने ठेवलाच नव्हता. 17 जुलै 2008 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. माहिती फोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याची सोय असणं पुरेसं नाही, नोंद विनाकारण कोणालाही उघडता येणार नाही अशी व्यवस्थाच असायला हवी, असं न्यायालयाने ठरवलं. भंग तिथेच झाला होता. कोण बोललं, कोणाला बोललं, हे शोधायची गरजच पडली नाही.

अमेरिकेत तर 2010 मध्ये एका रुग्णालयाच्या माजी कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांच्या आणि नामवंतांच्या नोंदी कारण नसताना उघडल्याबद्दल चार महिने कैद झाली. त्याने माहिती विकली असं कुठे पुढे आलं नव्हतं.

आणि 'काही बिघडलं नाही' म्हणताना एक गोष्ट सुटते आहे. नोंदवहींना आपल्या आजाराचं नाव डॉक्टरांच्या तोंडून, दार लावलेल्या खोलीत, हवे ते प्रश्न विचारत ऐकायचं होतं. तो क्षण गेला. तो कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही.

---

सांजसावली

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. माझं म्हणणं मागे घेते.

---

ऋतुरंग

डॉक्टर आहे, अतिदक्षता विभागात काम करतो. गोपनीयता ही नवी कल्पना नाही. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, उपचार करताना जे पाहीन-ऐकेन आणि जे बाहेर बोलू नये ते मनातच ठेवीन, असं वचन आहे. डॉक्टरांसाठीच्या 1948 च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत ते आलं, आणि 1968 मध्ये त्यात 'रुग्णाच्या मृत्यूनंतरही' हे शब्द घातले गेले.

जुन्या शपथेत भर आहे तो न बोलण्यावर. डॉक्टर एक, रुग्ण एक, तेव्हा तेवढं पुरत होतं. आज एका भरती रुग्णाच्या नोंदीला प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, औषधालय, आहारतज्ज्ञ, बिलिंग, विमा असे कितीतरी हात लागतात. म्हणून आता 'मी कोणाला सांगणार नाही' याच्या आधी 'मला हे पाहायची गरज आहे का' हा प्रश्न येतो. मी माझ्या कनिष्ठांना एवढंच सांगतो की या रुग्णासाठी आज तुम्ही काय करणार आहात, याचं उत्तर देता येत असेल तर फाइल उघडा.

पण दुसरी बाजूही मांडतो, कारण तिचे चटके मी सोसले आहेत. एकदा मध्यरात्री बेशुद्ध रुग्ण आला, सोबत कोणी नाही. जुनी नोंद आमच्याच यंत्रणेत होती, पण दुसऱ्या विभागाच्या कुलपात. ते उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि उघडल्यावर पहिल्याच पानावर लाल अक्षरांत एका औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी लिहिलेली होती. आम्ही ते औषध तोवर दिलं नव्हतं, हे केवळ नशीब. कुलूप घालणाऱ्यांनी ही वीस मिनिटं ध्यानात ठेवावीत.

---

काजवा

ऋतुरंग सर, यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. मी अशा यंत्रणा बनवणाऱ्यांपैकी आहे. आम्ही त्याला 'ब्रेक द ग्लास' म्हणतो, आगीच्या घंटेची काच फोडतात तसं. कुलूप असलेली नोंद डॉक्टरला तत्काळ उघडता येते, पण आधी कारण निवडावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती प्रत्येक काच का फुटली ते तपासतं. आणीबाणीत दार अडत नाही, आणि उत्सुकतेपोटी उघडणाऱ्याला नाव मागे ठेवावं लागतं.

खरी गोम 'दुसऱ्या दिवशी कोणीतरी तपासतं' यात आहे. कोणी केव्हा कोणती नोंद उघडली याचा ऑडिट लॉग बहुतेक यंत्रणांत असतो. तो वाचणारं माणूस नसतं. नेदरलँड्समध्ये हेग शहरातल्या एका रुग्णालयात एका प्रसिद्ध व्यक्तीची नोंद डझनावारी कर्मचाऱ्यांनी उघडून पाहिली. 2019 मध्ये तिथल्या नियामकाने रुग्णालयाला 4,60,000 युरो दंड ठोठावला, आणि त्यात एक ठपका हाच होता की लॉग होता, पण तो नियमितपणे तपासला जात नव्हता. पोर्तुगालमध्ये 2018 मध्ये एका रुग्णालयाला 4,00,000 युरो दंड झाला. तिथे डॉक्टर होते 296 आणि 'डॉक्टर' म्हणून सगळं पाहण्याची मुभा असलेली खाती होती 985. नोकरी सोडून गेलेल्यांची, बदली झालेल्यांची खाती कोणी बंद करत नाही. प्रत्येक ठिकाणी हेच.

पहाटवारा, एकाच लॉगिनवर दिवसभर सगळ्यांनी काम केलं की लॉगला काही अर्थच उरत नाही. पण दोष परिचारिकांवर ढकलून भागणार नाही. आत शिरायला दीड मिनिट लागत असेल तर वॉर्डात ते कोणी करणार नाही. ओळखपत्र टेकवलं की दोन सेकंदांत आत, असं करून द्या. आमच्या एका ठिकाणी तेवढ्यानेच सामायिक लॉगिन बंद झालं.

---

निर्झर

थोडं अवांतर होईल, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझे वडील गेले. शेवटच्या आठवड्यात काय झालं ते मला समजून घ्यायचं आहे. भांडायचं नाही, फक्त समजून घ्यायचं आहे. रुग्णालय म्हणतं, फाइल आमची मालमत्ता आहे, देता येणार नाही. खरंच त्यांची असते का?

---

नोंदवही

निर्झर, अवांतर नाही. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

कागद रुग्णालयाचा, मजकूर रुग्णाचा, असं आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये असाच निकाल दिला होता: नोंदीचे प्रत्यक्ष कागद डॉक्टरचे, पण त्यातली माहिती रुग्णाच्या विश्वासातून आलेली, म्हणून ती पाहण्याचा आणि प्रत घेण्याचा हक्क रुग्णाला. चारच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने उलट सांगितलं, की असा हक्क न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या परंपरागत कायद्यात नाही, संसदेने द्यावा. तो पुढे कायद्याने आलाच. म्हणजे 'मूळ फाइल देणार नाही' एवढं रुग्णालय म्हणू शकतं. 'प्रत देणार नाही' असं साधारणपणे म्हणता येत नाही.

मुदत देशागणिक वेगळी. युरोपीय संघात एक महिना, आणि पहिली प्रत फुकट. अमेरिकेत 30 दिवस. भारतात डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे 72 तास, आणि भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून किमान 3 वर्षं जपायची. ही तीन वर्षं ध्यानात ठेवा, कारण लोक दुःखातून सावरून अर्ज करतात तोवर काही ठिकाणी फाइल नष्टही झालेली असते.

मृत व्यक्तीच्या बाबतीत जरा अवघड आहे. युरोपचा माहितीसंरक्षण कायदा मृतांना लागू नाही, तो विषय त्या त्या देशावर सोडला आहे. अमेरिकेत मृत्यूनंतर 50 वर्षं नोंदीला संरक्षण असतं, आणि मृताच्या वतीने कायदेशीररीत्या व्यवहार पाहणारी व्यक्ती प्रत मागू शकते. म्हणून अर्जात 'मी मुलगी आहे' एवढ्यावर थांबू नका. वारस म्हणून किंवा मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून, जे असेल ते, कागदपत्रासह लिहा. काय काय हवं ते नेमकं लिहा: परिचारिकांच्या तासातासाच्या नोंदी, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणं, संमतिपत्रं. नुसतं 'फाइल द्या' म्हटलं की बऱ्याचदा डिस्चार्जचा सारांश हातात टेकवतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह.

एक विनंती. तुमचे वडील हयात असताना त्यांनी एखादी गोष्ट घरच्यांपासून राखून ठेवायला सांगितली असेल, तर ती पानं तुम्हाला मिळणार नाहीत असं होऊ शकतं. तेव्हा कर्मचाऱ्यावर रागावू नका. तो त्यांचा शब्द पाळत असतो.

---

निर्झर

शेवटचं वाक्य वाचून रडले. धन्यवाद. उद्या अर्ज लिहिते.

---

प्रवाळ

मी बरीच वर्षं मानसोपचार घेतो आहे. 2020 मध्ये फिनलंडमधल्या एका मानसोपचार कंपनीची बातमी आली तेव्हा मी दोन आठवडे समुपदेशकाकडे गेलोच नाही. हजारो लोकांची सत्रांतली टिपणं चोरीला गेली होती आणि चोराने एकेका रुग्णाला थेट निरोप पाठवून पैसे मागितले. 2024 मध्ये त्याला सहा वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पण ज्यांची टिपणं जगासमोर पडली त्यांचं काय? पासवर्ड बदलता येतो. लहानपणी आपल्यावर काय गुदरलं ते बदलून नवं घेता येत नाही.

माझं डॉक्टरांना एक सांगणं आहे. जे लिहिता ते कधीतरी रुग्ण वाचणार आहे असं धरून लिहा. माझ्या जुन्या नोंदीत एका ठिकाणी 'लक्ष वेधून घेण्याची प्रवृत्ती' असं होतं. त्या दिवशी मी मदत मागायला गेलो होतो. ते चार शब्द पुढच्या प्रत्येक डॉक्टरने माझ्याआधी वाचले.

---

ऋतुरंग

प्रवाळ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. असे शेरे आम्ही थकव्यात लिहितो आणि विसरतो, रुग्णाला ते जन्मभर चिकटतात. अमेरिकेत 2010 पासून शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणं रुग्णांना खुली करून पाहिली. कामाचा बोजा वाढेल ही भीती बरीचशी फोल ठरली, आणि 2021 पासून तिथे ते कायद्यानेच बंधनकारक झालं. आपलं टिपण समोरचा वाचणार हे ठाऊक असलं की 'रुग्ण नाकारतो' ऐवजी 'रुग्ण सांगतो की असा त्रास नाही' असं हात आपोआप लिहितो.

तो शेरा चुकीचा वाटत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. मूळ मजकूर बहुधा काढला जाणार नाही, पण तुमची बाजू त्याला कायमची जोडली जावी असं तुम्ही मागू शकता.

---

नोंदवही

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर माझा जीव की प्राण असलेली गोष्ट सांगते. नोंदीत खाडाखोड करायची नाही. पांढरी शाई फासायची नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर मजकूर, तारीख, वेळ, सही. संगणकावर असेल तर जुनं तसंच ठेवून पुरवणी नोंद. तक्रार आल्यावर मागच्या तारखेने लिहिलेली ओळ मी अक्षरावरून ओळखते. शाई वेगळी असते, आणि अक्षर त्या रात्रीच्या घाईचं नसतं. चुकीच्या उपचाराचं समर्थन एक वेळ करता येतं, पण बदललेल्या नोंदीने डॉक्टरचा बाकीचा खरा मजकूरही संशयात जातो.

---

धूळपाटी

मी विद्यार्थी आहे, संशोधनासाठी नोंदी लागतात. नावं काढून टाकली तर अडचण नाही ना?

---

काजवा

आहे. 1997 मध्ये लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने (आता प्राध्यापक आहेत) मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नावं काढलेल्या वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी ताडून खुद्द राज्यपालांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर. त्यांच्याच अंदाजानुसार अमेरिकेतल्या 87 टक्के लोकांना या तीन गोष्टींनी नेमकं ओळखता येतं. तेव्हा जन्मतारखेऐवजी वय, पत्त्याऐवजी मोठा प्रदेश घ्या, दुर्मीळ आजाराच्या बाबतीत दुप्पट जपा, आणि आधी नीतिसमितीची परवानगी. आणि फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवू नका.

---

दीपमाळ

नोंदवही, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. तक्रार करावी का.

आधी माहिती मागा, तक्रार नंतर. रुग्ण म्हणून अर्ज द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझी नोंद कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी उघडली याची यादी द्यावी. काही देशांत हा रुग्णाचा हक्कच आहे, इतरत्र चांगल्या संस्था मागितल्यावर देतात. यादी आली की ठरवा. तुमच्या मैत्रिणीला शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटत नाही, हे दिसतं आहे. अर्जात तसं लिहिता येतं. पण ती एकटी होती की आणखी कोणी, हे तुम्हाला कळायला हवं.

---

पहाटवारा

दीपमाळशी सहमत. आणि मैत्रिणीला अर्जाचं आधी सांगा. मागून कळलं तर दोघींनाही त्रास.

---

नोंदवही

तीन आठवड्यांनी परत आले. उपचार सुरू झाले आहेत, दुसरी फेरी झाली. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार, व्यक्तिगत निरोपांना उत्तरं द्यायला वेळ लागेल.

मैत्रिणीला आधी सांगितलं. ती म्हणाली, "दे अर्ज. माझं नाव मी स्वतः सांगते." तिने खरंच सांगितलं.

यादी आली. अकरा नावं. सात उपचार करणाऱ्यांची, प्रयोगशाळेची, बिलिंगची, ती बरोबर आहेत. एक मैत्रिणीचं. दोन नावं अशी की त्यांच्याशी मी आयुष्यात धड बोललेले नाही, दोघंही वेगळ्या मजल्यावर काम करतात. आता चौकशी त्या दोघांची आहे. मैत्रिणीला लेखी समज दिली आणि प्रशिक्षण पुन्हा करायला लावलं, ते मला योग्य वाटतं.

अकरावं नाव माझं होतं. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मला धीर धरवला नाही, मैत्रीण गेल्यावर मी माझ्याच लॉगिनने माझा अहवाल उघडून वाचला होता. पहाटवारांनी इथे तो नियम लिहिला तेव्हाच मला ते आठवलं होतं, पण त्या दिवशी लिहायचं धाडस झालं नाही. आमच्याकडेही तोच नियम आहे, आणि नव्या लोकांना तो मीच समजावून सांगते. चौकशी अधिकाऱ्यांना दिलेल्या जबाबात पहिली ओळ त्याचीच लिहिली आहे. मला काय समज मिळते ते सोमवारी कळेल.